कानाखालचा अंगठा

आमची सून माझ्या आधी उठायला लागली, ही माझी तक्रार. हसायचं त्यानं हसावं. सून लवकर उठते म्हणून कुरकुरणारी सासू मीच पहिली असेन. पण या घरात आल्यापासून सकाळी मागचं दार मी उघडत आले आहे. आता मी उठावं तर कडी आधीच काढलेली, आणि बाई शेडमधून हात पुसत येतेय. काय करत होतीस विचारलं तर म्हणते, माती मळत होते. एवढी मळतेस ती माती जाते कुठे विचारलं तर म्हणते, बघते. 'बघते' हे तिचं सगळ्यावरचं उत्तर. दूध उतू चाललंय म्हटलं तरी बघते म्हणते, आणि खरोखर बघत उभी राहते.

ती शिंप्याच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा माती कशाला म्हणतात आणि चिखल कशाला, इथपासून सांगावं लागलं. हात मात्र चिवट. मालकांनी तिला माती मळायला बसवली ती बसलीच. मालक म्हणजे माझा नवरा. ते जग करायचे. पाण्याचे, दुधाचे, चोच आणि कान असलेले मातीचे जग. जन्मभर दुसरं काही केलं नाही. कुणी ताटली मागितली तर म्हणायचे, आडवं काम दुसरीकडे मिळेल. लोक त्यांना जगवाले म्हणत आणि मला जगवालीण. मी म्हणायची, बरं आहे, सगळं जग माझ्याच गळ्यात.

मागचा उन्हाळा मालकांना घेऊन गेला. तेव्हापासून चाकावर मुलगा बसतो. भट्टी लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण त्याचा जग रिकामा उचलला तरी भरलेला वाटतो. बुडात इतकी माती ठेवतो की तेवढ्यात आणखी एक पेला व्हावा. मालक त्याला विचारायचे, बाळा, जग करतोस की उखळ? तो मान खाली घालायचा आणि पुढचा त्याहून जड करायचा.

तर मी सकाळी शेडमध्ये जायची तेव्हा चाक ओलं असायचं. रात्री पुसून ठेवलेलं चाक. बसायच्या फळीवर हात ठेवला तर फळी उबदार. मुलगा तेव्हा घोरत असायचा, त्याचं घोरणं भिंतीतून ऐकू यायचं. मालक याच वेळेला चाकावर बसायचे. मी हात तव्यावर पडल्यासारखा उचलला. सुनेचा विचार मनात आला नाही. ओट्यावर कुणी संशय घेतो का? तसाच तिच्यावर आला नाही.

त्यात यंदाची ओल. ऊन म्हणून पडेना. भिंतीला पाठ टेकली तर पाठ दमट व्हायची, मिठाला डब्यात पाणी सुटायचं, काडीपेटी मी उशीखाली ठेवायची. जग वाळेनात. ओला जग भट्टीत घातला तर फुटतो, आणि शेजारच्या चारांना घेऊन फुटतो. म्हणून शेडमधले जग घरात आले. फळीवर, खाटेखाली, चुलीच्या दोन्ही बाजूंना. मला दिवसभर तेच काम. ऊब एका अंगाला लागली की कान चिरतो, म्हणून दर थोड्या वेळानं एकेकाला फिरवायचं. तान्ही पोरं परवडली, ती निदान रडून सांगतात.

तरी जागा पुरेना, तेव्हा मधली खोली उघडावी लागली. ती मी मालक गेल्यापासून बंद ठेवली होती.

मधल्या खोलीत मालकांचा गोतावळा. स्वतःचे जग विकायचे आणि दुसऱ्यांचे घेऊन यायचे. बाजारात जाताना गाडी भरलेली आणि येतानाही भरलेलीच. कुठल्या कुठल्या माणसांनी केलेले, चिरलेले, चोच उडालेले. आपले दोन धडके देऊन एक फुटका आणलेला मी पाहिला आहे. म्हणायचे, याचा गळा बघ. मी म्हणायची, माझा बघा, ओरडून बसलाय. मग तुळयांना आकडे मारून ते सगळे कानांनी टांगायचे, सुतळीच्या गाठीनं. ती गाठ एकट्या त्यांनाच यायची. ओढली की आवळते, अंगठ्यानं दाबली की सुटते. मी शिकायला गेले तर म्हणाले, तुला येईल, पण मग माझं काय काम राहील?

त्या खोलीचं दार उघडून वारा शिरला की सगळ्या जगांच्या तोंडातून हूं असा आवाज निघतो. बारीक गळ्याचे बारीक, थोराड असतात ते पोटातून. मालक म्हणायचे, जग बोलतंय. मला वाटायचं, नावं ठेवतंय. त्या दिवशी दार उघडलं तेव्हा सगळे एकदम बोलले, आणि त्यांत एक आवाज मला ओळखीचा वाटेना. मोकळा, खालच्या पट्टीतला, दार लावलं तरी क्षणभर रेंगाळणारा. मी ओले जग मांडले आणि मागे न बघता बाहेर आले.

अंगठा दिसला तो दुपारी, चुलीपाशी.

आमच्या जगाची खूण अशी. कानाचं खालचं टोक जिथं जगाच्या पोटाला चिकटतं तिथं मालक उजवा अंगठा दाबायचे. तरुणपणी चाकावरून जग कापून उतरवायची तार त्या अंगठ्यात घुसली होती, त्याचा तिरपा व्रण होता. त्यामुळे मातीत खळी पडायची आणि खळीत तिरकी बारीक रेघ वर उठायची, केस चिकटावा तशी. गिऱ्हाईक आधी कानाखाली बघायचं, मग जगाकडे. मालक म्हणायचे, मला सही येते, पण मातीला वाचता येत नाही, तिला अंगठाच कळतो.

माझी एक खोड होती. त्या खळीत मी माझा अंगठा ठेवून बघायची. ओल्या जगावरची खळी मला मोठी व्हायची, अंगठा आत हरवायचा. पण माती वाळताना आखडते आणि भट्टीत आणखी आखडते. भाजून निघालेल्या जगावर माझा अंगठा नेमका बसायचा, कडेला केसाएवढी फट नाही. हे मी मालकांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं असतं.

त्या दुपारी मी एक ओला जग फिरवला आणि कानाखाली ती खळी होती. ताजी, कडा अजून लुसलुशीत, आणि मधे तिरकी रेघ. माझा हात सवयीनं पुढे गेला. अंगठा आत जाईना.

मी दुसरा जग फिरवला. तिसरा. सगळ्यांवर तो व्रण, आणि सगळ्या खळ्या एवढ्याशा. ओल्या मातीत. मोठ्या माणसाचा व्रण आणि अंगठा शाळकरी पोराचा. माझ्या मनात आलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिकडे गेल्यावर माणूस आखडतो की काय? आणि असा आखडत आखडत परत येतो?

बाहेर वारा उठला होता. मधल्या खोलीतून बंद दाराआडही हूं ऐकू येत होतं. मी चुलीतलं लाकूड आत ढकललं आणि तिथंच बसून राहिले, एका बाजूचे कान चिरले तरी.

मुलाला विचारलं तेव्हा तो लाकडं फोडत होता. वर न बघता म्हणाला, बाबांचेच आहेत, कोपऱ्यात ओल्या पोत्यांखाली राहून गेले होते, सापडले. ओल्या पोत्याखाली जग ओला राहतो हे खरं. पण मालक गेल्यावर शेड मीच झाडली होती आणि ती पोती माझ्याच हातानं दोरीवर घातली होती. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, ते लाल झाले होते. सून पलीकडे माती तुडवत होती, तिचे पाय मधेच थांबले आणि मग जास्त जोरात सुरू झाले.

हे खोटं कशासाठी ते मला तेव्हाच कळलं. हातमोजेवाला येणार होता.

हा माणूस जग जमवतो आणि मोठ्या दुकानांना पुरवतो. जग उचलायच्या आधी खिशातून पांढरे मोजे काढून घालतो, म्हणून मी त्याला ते नाव ठेवलं. मालक असताना वर्षाची अर्धी भट्टी तोच न्यायचा. मालक गेल्यावर एकदा आला होता. मांडलेल्या जगांतला एक त्यानं उचलला, तोंडाकडे बघितलं, पोटावरून हात फिरवला, मान डोलावली. मग कानाखाली बघितलं. तिथं नुसता साधा दाब होता. त्यानं जग खाली ठेवला, चुकून दुसऱ्याच्या ताटातला घास उचलल्यासारखा. म्हणाला, बाबांचे काही शिल्लक असतील तर कळवा. आणि छत्री टेकवायला जागा हवी होती, तर ती गळकी छत्री त्यानं त्याच जगात उभी केली. मुलगा हसला, ओशाळून. सून पाणी घेऊन आली होती, ती तांब्या हातात धरून त्या छत्रीकडे बघत राहिली. मला वाटलं, नेहमीसारखी नुसती बघतेय.

दोन-चार दिवस कोरडा वारा सुटला आणि भट्टी लावली. लाकूड दमट, धूर डोळ्यांत. मुलगा तोंडाशी बसला, मी मागच्या भोकातून रंग बघायला. भट्टीचा रंग मीच बघते, झिलईही मीच लावते, मालकांनी त्यात कधी तोंड घातलं नाही. सून लाकडं पुरवत होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत फुटले होते, कडेला रक्त सुकलेलं. मळणाऱ्याचे तळवे फुटतात. हिची बोटांची टोकं झिजली होती, आणि डाव्या करंगळीची कड गुळगुळीत झाली होती. ज्याची कड फिरत्या चाकावर टेकते त्याचीच तशी होते. मी बघितलं आणि आगीकडे तोंड केलं. आधी भट्टी, मग बाकीचं.

निवल्यावर भट्टी उघडली. एकही फुटला नव्हता. मी पहिला जग घेऊन स्वयंपाकघरात आले आणि दार लोटलं.

खळी आता आणखी लहान झाली होती. माझी करंगळी बसेल एवढी. मी आमचा रोजचा दुधाचा जग घेतला, मालकांच्या हातचा, आणि दोन्ही खिडकीशी धरले. रोजच्या जगाच्या खळीत एक वाळूचा खडा राहून गेलाय, मोहरीएवढा उंचवटा आहे. दूध ओतताना तो माझ्या बोटाला लागतो. नव्या जगाच्या खळीतही तो होता, त्याच जागी, लहान होऊन. मी बाहेर जाऊन बाकीचे बघितले. सगळ्यांत तोच खडा.

तेव्हा माझ्या अंगातली भीती उतरली आणि राग चढला. मालक मरून इतके नेटके झाले नव्हते की प्रत्येक जगावर खडा मोजून ठेवतील. कुणीतरी माझ्या दुधाच्या जगाच्या खळीत माती दाबून अंगठा उचलला होता आणि भाजून त्याचा शिक्का केला होता. खळी आधीच आखडलेली, शिक्का भाजताना आखडला, आणि शिक्का मारलेला जग परत आखडला. घरात जन्मलेल्यानं ही चूक केली नसती. आणि चाकाला हात न लावलेल्याला इथपर्यंत येताच आलं नसतं.

मग मी त्या नव्या जगात पाणी भरलं आणि पेल्यात ओतलं.

मालकांचे जग गळायचे. सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ओतून जग सरळ केला की शेवटचा थेंब चोचीखालून पोटावर ओघळायचा. लांबून देखणे, जवळून गळके, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले. आमच्या घरात जग एका हातात आणि फडकं दुसऱ्या हातात, ही रीतच पडली. आताही मी चोचीखाली फडकं धरलं होतं. पाणी एका दमात उतरलं, जग सरळ केला, धार सुरीनं कापल्यासारखी तुटली. फडकं कोरडं. परत ओतलं. कोरडं. मी तो जग हातात तोलला. भरलेला असून रिकाम्यासारखा.

मधल्या खोलीत हूं चाललं होतं. मी उठून गेले, दार सताड उघडलं आणि त्या अनोळखी आवाजाच्या मागे मागे गेले, एकेका जगाच्या तोंडावर हात ठेवत. हात ठेवला की तो गप्प, पुढचा चालू. शेवटी दारामागच्या कोपऱ्यात, तुळईच्या टोकाला टांगलेल्या एकावर हात ठेवला आणि तो आवाज थांबला.

साधा मध्यम जग. झिलई आमचीच, माझ्या हातची. कानाखाली अरुंद अंगठ्याची खळी, आणि खळीत बारीक बारीक टोचे, सुई धरून धरून खरखरीत झालेल्या बोटाचे असतात तसे. मी सुतळी बघितली. गाठ ओढली तर आवळली. अंगठ्यानं दाबली तर सुटली.

मालकांनी तिथं स्वतःचा एकही जग टांगला नव्हता, मुलाचाही नाही. ज्याच्यापुढे त्यांना आपला कमी वाटला तोच तिथं चढायचा, मग तो फुटका का असेना. आणि मला बोलले नाहीत. मेले तरी बोलले नाहीत. मी तो जग छातीशी धरून त्या खोलीत त्यांना काय काय ऐकवलं ते मी लिहिणार नाही.

हातमोजेवाला आला तेव्हा नवे जग मधल्या खोलीत चौरंगावर मांडले होते. मुलगा दाराला टेकून उभा, कान आधीपासून लाल. सून उंबऱ्याच्या अलीकडे. त्यानं मोजे घातले, पहिला जग उचलला आणि सरळ कानाखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. डोळे ओले झाले त्याचे.

"काकू, माणूस जातो, हात राहतो," तो म्हणाला. "हे सगळे मी नेतो. आणि असे आणखी सापडले तर दुसऱ्या कुणाला दाखवू नका."

मुलानं माझ्याकडे बघितलं नाही. सुनेनं बघितलं. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. खिडकीला बाहेरून खिळे ठोकताना आतल्या माणसाचं व्हावं तसं तोंड झालं होतं तिचं. आणखी सापडले तर. म्हणजे आणखी सापडत राहणार, आणि ही अंधारात उठून मेलेल्या माणसाचे जग करत राहणार, तिचे केस पांढरे होईपर्यंत. आणि अंगठा दर शिक्क्यागणिक आखडत जाणार.

मी हातमोजेवाल्याला म्हटलं, बसा, पाणी घ्या. आणि दारामागचा तो जग पाण्यानं भरून आणला. त्याला धक्का बसला.

"यातून ओतताय?"

"मग कशातून ओतू, तुमच्या मोज्यातून?"

मी त्याच्या पेल्यात ओतलं. खाली फडकं धरलं नाही. थेंब पडला नाही. त्यानं पेला घेतला आणि तसाच धरून राहिला, त्याचं लक्ष जगाच्या चोचीकडे गेलं होतं. बहुतेक जन्मात पहिल्यांदा त्यानं जगातून काही पडताना बघितलं. मी सुनेपुढे हात पसरला.

"दे."

ती बघते म्हणाली नाही. कमरेला खोचलेलं काढून तिनं माझ्या तळव्यावर ठेवलं. तपकिरी, भाजलेला, नखाशिवायचा अंगठा, पेराएवढा. त्यावर तिरपा व्रण. तिच्या अंगाची ऊब त्याला होती, आणि तेवढ्यापुरतं मला वाटलं, तो माझ्या हातात हलला. मी मूठ मिटली. मुलगा 'आई' म्हणाला.

"कानाखाली माझा अंगठा दिसला की जग नकोसा होतो, आई," सून म्हणाली. "त्यात छत्री ठेवतात."

हातमोजेवाल्यानं पेला खाली ठेवला. ती छत्री कुणाची होती हे त्याला आठवलं असावं. तो एकेका बोटातून मोजे काढायला लागला. दार उघडं होतं आणि वारा आत आला, सगळ्या टांगलेल्या जगांनी हूं केलं, फक्त एक आवाज कमी होता, तो माझ्या डाव्या हातात पाण्यानं भरलेला होता. हातमोजेवाला आता काय नेईल, काही नेईल की नाही, हे मी बघितलं नाही. मला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. मी सुनेकडे वळले.

"शिंप्याची पोर असून माप चुकलीस," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याचा अंगठा एवढासा नव्हता. आणि त्यांचा जग जन्मभर गळला, मी जन्मभर फडकं धरलं, तुझा गळत नाही. हा जग त्यांनी स्वतःच्या गाठीनं इथं टांगला होता, ती गाठ मला वाचता आली. हा अंगठा आता माझ्यापाशी राहील, माझ्याबरोबरच जाईल. तू तुझा लाव. कुणी छत्री ठेवली तर त्याच छत्रीनं हाकल. आणि उद्यापासून माझ्या आधी उठायचं नाही. दार मी उघडीन. ऊन वर आलं की सगळ्यांच्या देखत चाकावर बस."